लाइम रेजिस ते पोर्टलंड : अमोनाइटच्या मागावर

अमोनाइट म्हणजे वेटोळ्या कवचाचा, केव्हाच नामशेष झालेला समुद्री जीव. त्याचा ज्युरासिक काळातला जीवाश्म स्वतःच्या हातानं उचलायचा, तोही उजळ माथ्यानं, तर इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा समुद्रकिनारा गाठावा. डेव्हनमधल्या एक्समथपासून डॉर्सेटमधल्या ओल्ड हॅरी खडकांपर्यंतचा हा सुमारे 155 किलोमीटरचा पट्टा 2001 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. ट्रायासिक, ज्युरासिक आणि क्रेटेशस मिळून साडेअठरा कोटी वर्षांचे खडक इथं ओळीनं उघडे पडले आहेत. थर पूर्वेकडे हलकेच कललेले आहेत. त्यामुळे पश्चिमेकडून पूर्वेला जात राहिलं की ढोबळमानानं जुन्या काळाकडून नव्याकडे जाणं होतं. आम्ही आठवडा त्याच क्रमानं आखला.

बरोबर भाची होती. ती भूशास्त्र शिकते. निघण्याआधी तिनं एकच अट घातली. जे उचलू त्याची जागा, थर आणि तारीख तिथल्या तिथं लिहायची, खोलीवर गेल्यावर आठवून नाही. "मावशी, पत्ता नसलेला अमोनाइट म्हणजे पेपरवेट," ती म्हणाली. आठवडाभर किनाऱ्यावर काढल्यावर मला ते शब्दशः पटलं आहे. या लिखाणाचं कारणही तेच आहे.

मोसम फेब्रुवारीअखेरचा निवडला. हिवाळी वादळांनी कड्यांचा पायथा खचतो, लाटा चिखल धुऊन नेतात आणि आतला ऐवज वाळूवर येतो. उन्हाळ्यात तीच वाळू गर्दीनं तुडवलेली असते. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. इथं उधाणाच्या दिवसांत पूर्ण ओहोटी दुपारी एकच्या सुमारास लागते. सकाळी पाणी उतरू लागलं की त्याच्यामागून चालायचं आणि पाणी फिरलं की परतायचं. भरतीचं वेळापत्रक हातोडीइतकंच महत्त्वाचं. किंबहुना हातोडी नसली तरी चालतं, वेळापत्रक नसलं तर मागे कडा आणि पुढे समुद्र अशी कोंडी होते.

रविवार, लाइम रेजिस

पोचायला दुपार झाली, म्हणून किनारा सोडून संग्रहालयात गेलो. जीवाश्म शोधून नाव कमावलेल्या मेरी ॲनिंगचं जन्मघर होतं त्याच जागेवर ते उभं आहे. मेरीचा जन्म 1799 चा. वडील सुतारकाम करत आणि जोडीला कड्याखालची 'नवलं' प्रवाशांना विकत. ते 1810 मध्ये कर्ज मागे ठेवून गेले. पुढे भाऊ जोसेफला इक्थिओसॉर या समुद्री सरीसृपाची कवटी सापडली आणि उरलेला सांगाडा मेरीनं शोधला. 1823 च्या डिसेंबरात तिला प्लेसिओसॉर या लांब मानेच्या समुद्री सरीसृपाचा पहिला संपूर्ण सांगाडा मिळाला. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण घर चालत होतं ते रोजच्या किरकोळ विक्रीवर, आणि त्या विक्रीत अमोनाइट आघाडीवर होते. तेव्हा लोक त्यांना सापदगड म्हणत. बेलेम्नाइट या माकूलासारख्या जुन्या जिवाच्या निमुळत्या जीवाश्मांना सैतानाची बोटं.

संग्रहालयातली मला सर्वात भिडलेली गोष्ट 1820 ची. लेफ्टनंट कर्नल थॉमस बर्च हे ॲनिंग कुटुंबाचे नेहमीचे गिऱ्हाईक. त्यांनी पाहिलं की या मायलेकरांकडे भाड्यालाही पैसे नाहीत, सामान विकायची वेळ आली आहे. त्यांनी स्वतःचा जीवाश्मांचा संग्रह लंडनमध्ये लिलावात काढला आणि आलेले 400 पौंड ॲनिंग कुटुंबाला दिले. इथल्या कड्यांमधल्या एका देखण्या अमोनाइटच्या नावात बर्च आजही आहेत : मायक्रोडेरोसेरास बर्ची. तो ज्या थरांत सापडतो त्यांच्यावरून कड्याचा एक अख्खा टप्पा ओळखला जातो. बुधवारी त्या टप्प्याखाली उभं राहिले तेव्हा ही हकीकत माहीत असल्याचं बरं वाटलं.

समुद्राच्या दिशेनं मेरीचा पुतळा आहे, हातात हातोडी, पायाशी कुत्रा ट्रे. तो 2022 च्या मे महिन्यात, तिच्या जन्मदिवशी उभारला गेला. ट्रे 1833 साली दरड कोसळून गेला, मेरी थोडक्यात वाचली. उद्या कड्याखाली जाणाऱ्यानं हे वाचूनच जावं.

सोमवार, मॉनमथ बीच

कॉब नावाचा जुना वळणदार धक्का मागे टाकून पश्चिमेला निघालो. आधी गोट्यांचा किनारा, मग पाणी उतरलं तसे दगडी फरसबंदीसारखे सपाट थर उघडे होत गेले. आणि त्या थरांत अमोनाइट. एखाददुसरा नाही, पाऊल टाकावं तिथं. बरेचसे अर्ध्या मीटरहून मोठे. मधली वेटोळी झिजून गेलेली, बाहेरच्या वेटोळ्यांच्या फासळ्या, म्हणजे कवचावरच्या उंच आडव्या रेघा, ठसठशीत. काही एकमेकांवर टेकलेले. मी फोटोंत हे पाहिलं होतं, पण फोटोत प्रमाण कळत नाही. मी एकाच्या कडेला गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हात पसरून त्यावर ठेवले, तरी कड बाहेर राहिली.

इथून काहीही काढायचं नाही. हा राखीव भाग आहे, थरातल्या नमुन्याला हातोडी लावणं वर्ज्य. आणि ते योग्यच आहे. हे अमोनाइट समुद्रतळावर ज्या अवस्थेत विसावले त्याच मांडणीत दिसतात. एक उपटला तर मांडणी मोडली.

हा ब्लू लायस. निळसर करड्या चुनखडकाचा एक थर, त्यावर गडद शेलचा, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पापुद्रेदार खडकाचा, पुन्हा चुनखडक, पुन्हा शेल, असं कड्यावर वरपर्यंत. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हजारो वर्षांच्या आवर्तनांनी बदलतो, त्यानं हवामान बदलतं, समुद्रात साचणाऱ्या गाळाचा पोत बदलतो. या पट्ट्यांच्या मुळाशी ती लय आहे असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. नंतर गाळ दगडात बदलताना चुना काही थरांत एकवटला आणि फरक आणखी ठळक झाला. एकोणिसाव्या शतकात सिमेंटसाठी हा दगड इथून काढला जाई. खाणकामगारांनी एकेका थराला नाव दिलं होतं : टेबल लेज, ग्रे लेज, गंप्शन, व्हेंटी, पिग्ज डर्ट. पुढे डब्ल्यू. डी. लँग यांनी 1924 मध्ये या थरांना क्रमांक दिले तेव्हा कामगारांची नावंही नोंदवून ठेवली. लँग ब्रिटिश म्युझियमच्या भूशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर इथल्याच चारमथ गावी राहिले. आजही इथला संग्राहक "लँगचा अमुक नंबरचा थर" अशाच भाषेत बोलतो. नमुन्याला पत्ता देता येतो तो या माणसाच्या चिकाटीमुळे.

इथल्या मोठ्या अमोनाइटांच्या कुळातला एक आरिएटायटीस बकलंडी. भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांना असा एक प्रचंड नमुना मिळाला, मधली वेटोळी गळून गेलेला. त्यांनी तो डोक्यातून घालून खांद्यावर अडकवला आणि घोड्यावरून नेला. जीवाश्मांचे अभ्यासक सोवर्बी यांनी 1816 मध्ये या जातीला त्यांचं नाव दिलं. समोरचे आकार पाहिल्यावर त्या सद्गृहस्थांच्या खांद्याची कीव आली.

पाणी फिरलं तसे परतलो. हातात एकही अमोनाइट नाही, वहीची चार पानं भरलेली.

मंगळवार, चारमथ

आज खरी वेचणी. सकाळी आधी चारमथच्या हेरिटेज कोस्ट सेंटरमध्ये गेलो. संग्राहकांसाठीची आचारसंहिता इथं नीट समजावून सांगतात. किनाऱ्यावर सुटा पडलेला नमुना उचलायला मुभा आहे. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कड्यात खणायचं नाही. विज्ञानाच्या दृष्टीनं महत्त्वाचं काही मिळालं तर त्याची केंद्रात नोंद करायची. मालकी सापडणाऱ्याचीच राहते, पण विकायचं ठरवलं तर आधी सहा महिने संग्रहालयांना संधी द्यायची. मला ही रचना अत्यंत शहाणपणाची वाटते. हा किनारा सतत खचतो आहे. कड्यातून खाली आलेला अमोनाइट कुणी उचलला नाही तर लाटा त्याचा भुगा करतात. "हात लावू नका" असं म्हणून इथं काहीच वाचणार नाही. माणसांनी उचलावं, पण कुठं मिळालं ते सांगावं, हा सौदा दोन्ही बाजूंनी चोख आहे.

मग वाळूवर. पायराइट या लोह-गंधकाच्या सोनेरी खनिजाचे अमोनाइट शोधायची रीत भाचीनं दाखवली. पायराइट जड, म्हणून लाटा त्याला गंजलेल्या लोखंडी तुकड्यांबरोबर आणि काळ्या गोट्यांबरोबर ठरावीक पट्ट्यांत आणून टाकतात. सगळा किनारा धुंडाळायचा नाही. तो गडद पट्टा हुडकायचा, तिथं बैठक मारायची आणि नजर खाली. चालत शोधणाऱ्याला हे दिसत नाहीत, कारण बरेचसे करंगळीच्या नखाएवढे असतात.

पहिली कितीतरी मिनिटं मला फक्त गोटे दिसत होते. मग एकदम डोळ्यांना फासळ्या कळू लागल्या. ओल्या वाळूत एक मंद पिवळट चकाकी, त्यावर एकसारख्या आडव्या रेघा. उचललं तर पूर्ण वेटोळं. भाची ओरडली, "हलवू नकोस, आधी फोटो!" पण तोवर तो माझ्या तळव्यावर होता. भिंगातून पाहिलं, फासळ्या साध्या, दुभागत नाहीत, आणि बाहेरच्या कडेवरून जाताना रुंद, चपट्या होतात. प्रोमायक्रोसेरास. सुमारे साडेएकोणीस कोटी वर्षांपूर्वीचा जीव, सुपारीहूनही लहान. त्यानंतर नजर बसली. दुपारपर्यंत डबीत चांगली भर पडली. त्यात एक वेगळा होता : वेटोळी एकमेकांत न घुसता नुसती टेकलेली, त्यामुळे आतली सगळी दिसतात, फासळ्या सरळ, बाहेरच्या कडेवर मधोमध कणा, म्हणजे उंच धार. हा एकिओसेरासच्या घरातला, प्रोमायक्रोसेरासहून वरच्या थरांतला. एकाच मुठीत दोन वेगळे काळ आले होते. वाळूनं त्यांची सरमिसळ केली होती, आणि फासळ्या पाहून आम्ही त्यांना परत आपापल्या थरांत नेऊन बसवत होतो.

काही नमुन्यांत कवच झिजून आतल्या सांधरेषा उघड्या पडल्या होत्या. अमोनाइट आपलं कवच वाढवत पुढे सरकतो आणि मागे पडदा घालून एकेक कप्पा बंद करतो. तो स्वतः राहतो फक्त शेवटच्या, बाहेरच्या कप्प्यात. मागचे कप्पे वायूनं हलके झालेले असतात, एक बारीक नळी सगळ्यांतून जाते, त्या जोरावर तो पाण्यात तरंगतो. पडदा जिथं कवचाला भिडतो ती सांधरेषा. कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी ती महिरपीमहिरपींनी कातरलेली असते आणि प्रत्येक कुळाची नक्षी निराळी. आजच्या माकूल आणि अष्टपादाचा हा नातेवाईक, दिसायला मात्र नॉटिलससारखा. कोट्यवधी वर्षं समुद्रांत नांदून 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनोसॉरबरोबर तोही संपला.

हे पायराइट कुठून आलं? तळाच्या काळ्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नव्हता. अशा चिखलातले जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि सल्फाइड तयार करतात. चिखलातल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन रिकाम्या कप्प्यांत पायराइट भरत गेलं. म्हणजे हे सोनेरी अमोनाइट मुख्यतः आतल्या पोकळीचे साचे आहेत.

हातातला तो काळसर सोनेरी गोल पाहताना देवघरातला शाळिग्राम आठवणं अटळ होतं. गंडकीच्या पात्रातले ते काळे गोटे हिमालयातल्या स्पिती शेलमधून आलेले आहेत, आणि आतलं चक्र ज्युरासिकच्या उत्तरार्धातल्या अमोनाइटचं. पिढ्यान्‌पिढ्या तुळशीपत्र वाहून आपण जपतो तो दगड इथल्या या जिवांचा दूरचा भाऊबंद. माझ्या आजीला हे सांगता आलं असतं तर तिनं चारमथच्या वाळूलाही नमस्कार केला असता.

बुधवार, ब्लॅक व्हेन

चारमथहून पश्चिमेला, लाइमच्या दिशेनं. ब्लॅक व्हेन हा सतत सरकणारा कडा. वरून काळा चिखल ओघळत किनाऱ्यापर्यंत येतो आणि त्याची जीभ समुद्रात घुसते. त्या चिखलावर पाय ठेवायचा नाही, माणूस मांडीपर्यंत रुततो. 6 मे 2008 ला इथून जवळच सुमारे 400 मीटर लांबीचा किनारा एका संध्याकाळी घसरला. वर शहराची जुनी कचराभूमी होती, त्यामुळे आजही काही ठिकाणी जीवाश्मांबरोबर जुन्या काचा आणि गंजकं लोखंड मिळतं. जाड हातमोजे हवेतच.

कड्याच्या तळाशी 'शेल्स विथ बीफ' हे थर. शेलमध्ये कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाच्या तंतुमय शिरा आहेत, त्या मांसाच्या तंतूंसारख्या दिसतात म्हणून ते नाव. त्यांच्या वर ब्लॅक व्हेन मार्ल, म्हणजे चुना मिसळलेल्या चिकणमातीचे थर. या दोन्ही थरांवर लँग यांनी 1923 आणि 1926 मध्ये काम प्रसिद्ध केलं, आणि त्यांतल्या अमोनाइटांचा अभ्यास केला एल. एफ. स्पॅथ यांनी. हे नाव ऐकून मी चमकले. 1927 ते 1933 दरम्यान कच्छमधल्या ज्युरासिक अमोनाइटांची मोठी फेरतपासणी छापली गेली ती याच स्पॅथ यांची. एकच माणूस एका टेबलावर चारमथचे आणि कच्छचे अमोनाइट पाहत होता. कच्छमधली धोसा ऊलाइट (बारीक गोल दाण्यांचा खडक) असो की डॉर्सेटचा कडा, अमोनाइट समुद्रात दूरवर पसरत आणि त्यांच्या जाती लवकर बदलत. म्हणून दूरदूरच्या खडकांची वयं त्यांच्यावरून जुळवता येतात. जर्मनीच्या आल्बर्ट ओपेल यांनी 1856 ते 1858 मध्ये ही पद्धत पक्की केली. खडक कसा दिसतो ते बाजूला ठेवून त्यात कोणती जात आहे यावर त्यांनी झोन पाडले. आज ज्युरासिकच्या साडेपाच कोटी वर्षांचे सत्तरहून अधिक अमोनाइट झोन आहेत. म्हणजे सरासरी दहा लाख वर्षांहून बारीक मोजमाप.

या मोजमापानं जे दिसतं ते डोळ्यांना दिसत नाही. ब्लॅक व्हेन मार्लमध्ये कॉइनस्टोन नावाचा एक चुनखडकाचा पातळ थर आहे. खालचा शेल आणि वरचा शेल जवळपास सारखेच काळे. पण इतरत्र ज्या जाती मध्ये यायला हव्यात त्या इथं नाहीतच. त्या काळातला गाळ साचला नाही किंवा साचून वाहून गेला. लाखो वर्षं त्या एका रेघेत हरवली आहेत आणि ती हरवल्याचं आपल्याला फक्त अमोनाइटांमुळे कळतं. मी खाली पडलेल्या दगडांत कॉइनस्टोनचा तुकडा शोधत बराच वेळ घालवला. अमोनाइट मिळण्याइतकाच तोही मला हवा होता. भाचीनं एक दाखवला, मी त्यावरून हात फिरवला आणि तिथंच ठेवला.

दुपारी पाण्याच्या कडेला एक चपटा, करडा, जड गोळा मिळाला. कडेवर नखाएवढी फासळ्यांची कड बाहेर डोकावत होती. गोट्याला हातोडी मारायची तर चष्मा डोळ्यावर हवा, आजूबाजूला कुणी नको आणि हातोडी भूशास्त्राचीच हवी. सुतारकामाच्या हातोडीचं पोलाद दगडावर फुटून कपच्या उडतात. भाचीनं गोळा तीनदा फिरवून पाहिला, थराची दिशा हेरली आणि कडेवर मोजके घाव घातले. चौथ्या-पाचव्या घावाला तो उघडला. आत प्रोमायक्रोसेरासांचा घोळका. पायराइटचे नव्हेत, कॅल्साइटचे, मधासारखे तपकिरी, एकही दबलेला नाही. शेलमधले अमोनाइट वरच्या वजनानं कागदासारखे चपटे होतात. गोळा मात्र चिखल दबण्याआधीच घट्ट झालेला, म्हणून त्यातला जीव मूळच्या गोलाईत टिकतो. आम्ही दोघी काही न बोलता ते पाहत राहिलो. मग भाचीनं दोन्ही अर्ध्यांवर एकच क्रमांक लिहिला, जुळणारी बाजू बाणानं दाखवली आणि वहीत जागा टिपली. खोलीवर तिनं थोडं सुईनं कोरलं, पुढचं काम हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक छिन्नीनं करावं लागेल.

गुरुवार, सीटाउन

वारा फार होता, वेळ कमी मिळाला. सीटाउनच्या पश्चिमेला गोल्डन कॅप, 191 मीटर, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा सर्वात उंच कडा. इथं आलो होतो ग्रीन अमोनाइट बेड्ससाठी. या थरांतल्या अँड्रोजायनोसेरासच्या कप्प्यांत कॅल्साइट हिरवट झालेलं असतं, म्हणून ते नाव. चुनखडकाचे गोटे पाहत पाहत गेलो. एकात झिजलेला अर्धा छेद दिसला : बाहेरचा राहण्याचा कप्पा करड्या चिखलानं भरलेला, आतले बंद कप्पे एकामागून एक हिरवे. जीव कुठं राहत होता आणि कुठं राहत नव्हता हे रंगानंच दाखवलेलं. तो गोटा घेतला. दोनच्या आत निघालो.

शुक्रवार, बर्टन ब्रॅडस्टॉक

ब्रिडपोर्ट सँडचे केशरी उभे कडे. एका आड एक टणक आणि ठिसूळ थर, टणक पुढे आलेले. वर माथ्यावर इन्फिरिअर ऊलाइटची पातळ टोपी. या कड्याजवळ जायचंच नाही. 2012 साली इथं अचानक कोसळलेल्या दरडीखाली एका तरुणीचा जीव गेला. वाळूचे कडे आधी इशारा देत नाहीत. आम्ही कड्यापासून लांब, लाटांनी पुढे आणलेल्या दगडांपाशी थांबलो.

ऊलाइटची ही टोपी काही मीटरचीच, पण तिच्यात बरेच झोन दाटीवाटीनं बसले आहेत. गाळ इतका हळू साचत होता. खडकात लोहाचे बारीक तांबूस दाणे, मध्येच 'स्नफ बॉक्स' म्हणतात ते बशीसारखे लोहमय गोळे. एका दगडात पार्किन्सोनियाची कड होती, फासळ्या दुभागत जाऊन बाहेरच्या कडेवर मधल्या खाचेपाशी थांबणाऱ्या. दुसऱ्यात स्टेफॅनोसेरासचा तुकडा. स्टेफॅनोसेरास मोठा, आणि त्याच थरांत मिळणारा नॉर्मनायटीस लहान, तोंडाशी दोन लांब पाकळ्या असलेला. फार काळ या दोन वेगळ्या प्रजाती समजल्या जात. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडचे माकोव्स्की आणि इंग्लंडचे कॅलोमन यांनी दाखवून दिलं की अशा जोड्या म्हणजे एकाच जिवाची मादी आणि नर असाव्यात. मोठी बहुधा मादी. पण हे लक्षात कसं आलं? दोघे एकाच थरात, एकाच काळात, पुन्हा पुन्हा बरोबर सापडतात म्हणून. नमुने नुसते सुंदर म्हणून गोळा केले असते आणि थर लिहिला नसता, तर ही जोडी कुणालाच जुळवता आली नसती.

मला या ठिकाणाचं खरं आकर्षण होतं ते केशरी वाळूचं. अशीच वाळू उत्तरेला कॉट्सवोल्डपर्यंत दिसते. पाहणाऱ्याला वाटावं, एकच थर आहे. अमोनाइटांचे अभ्यासक एस. एस. बकमन यांनी 1889 मध्ये त्यातल्या अमोनाइटांवरून सिद्ध केलं की उत्तरेकडची वाळू आधीची आणि डॉर्सेटची नंतरची. वाळूचा पट्टा काळाबरोबर दक्षिणेला सरकत आला होता. खडक सारखा, वय निराळं. एवढा मोठा निष्कर्ष मुठीत मावणाऱ्या शिंपल्यांवर उभा राहिला.

शनिवार, पोर्टलंड

चेझिल बीचचा 29 किलोमीटर लांबीचा गोट्यांचा बांध डावी-उजवीकडे पाणी ठेवून पोर्टलंडला जाऊन मिळतो. आता आपण ज्युरासिकच्या अखेरीला आलो. सोमवारच्या ब्लू लायसपासून इथवर पाच कोटींच्या आसपास वर्षं सरली. पोर्टलंडचा पांढरा दगड सेंट पॉल कॅथीड्रलला लागला आहे, तो याच खाणींतला.

इथले अमोनाइट म्हणजे टायटनायटीस. नावाप्रमाणे राक्षसी. खाणकामात ते निघत आले आणि घरांच्या भिंतींत, फाटकांशी, बागांत जाऊन बसले. खाणींतून काही उचलायचं नव्हतं, आम्ही पाहत हिंडलो. जुन्या खाणीत दगडाचा 'रोच' नावाचा थर दिसला. त्यात शिंपल्यांचं कवच विरघळून नुसत्या पोकळ्या राहिल्या आहेत. एका लांबट गोगलगायीची पोकळी हुबेहूब स्क्रूसारखी, खाणकामगार तिला पोर्टलंड स्क्रूच म्हणत.

एका भिंतीतल्या टायटनायटीससमोर भाची बराच वेळ उभी होती. "हा कुठल्या खाणीतला, कितव्या थरातला, कुणाला विचारायचं?" तिला मनापासून वाईट वाटत होतं. मला तो भिंतीत शोभून दिसला, हेही खरं. पण तिचा प्रश्न बरोबर होता.

संध्याकाळी सगळं टेबलावर मांडलं. पायराइटचे नमुने रोज गोड्या पाण्यात ठेवून पाणी बदलत होतो, मीठ निघून जायला हवं. मग पूर्ण कोरडे करायचे. पायराइटचं वैर दमटपणाशी आहे. हवेतला ओलावा आणि प्राणवायू मिळाला की ते हळूहळू लोहाच्या सल्फेटमध्ये आणि गंधकाम्लात बदलतं. आधी पांढरट बुरशीसारखी पूड दिसते, मग नमुना तडकतो, शेजारचं लेबलही जळतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हे होणारच, म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरायचं. लेबल नमुन्याला चिकटवून ठेवू नये. क्रमांक नमुन्यावर, तपशील वेगळ्या कागदावर आणि वहीत, म्हणजे एक गेलं तरी दुसरं उरतं.

बुधवारचा गोळा भाची प्रयोगशाळेत नेणार आहे. सीटाउनचा हिरवा माझ्याकडे आहे. मंगळवारच्या त्या सैल वेटोळ्याच्या अमोनाइटवर मात्र एकमत झालं नाही. मी एकिओसेरासवर ठाम आहे, तिला कण्याच्या दोन्ही बाजूंना खाच असल्याचा संशय येतो. तूर्तास लेबलवर 'एकिओसेरास?' असं लिहिलं आहे, खाली 'चारमथ, सुटा, वाळूवरून, थर अनिश्चित'. सूक्ष्मदर्शकाखाली कणा नीट पाहून झाला की ती कळवेल, आणि तिचं बरोबर निघालं तर मी लेबल बदलेन.